मीडिया / कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स की पीएचडी? अर्ज करण्याआधी काय काय बघावं?

शेवटची_ओळ

नमस्कार मंडळी. मी बातम्यांच्या डेस्कवर काम करते. पत्रकारितेत पदव्युत्तर शिक्षण झालंय. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी परदेशात मीडिया किंवा कम्युनिकेशन स्टडीजला अर्ज करायचं डोक्यात आहे. सध्या विद्यापीठांच्या साइट चाळून चाळून डोकं भणभणलंय. कुठे 'मीडिया अँड कल्चर', कुठे नुसतं 'कम्युनिकेशन', कुठे 'जर्नलिझम स्टडीज', कुठे 'डिजिटल मीडिया'. आत सगळ्यांचं वर्णन एकसारखंच, 'बदलत्या माध्यमविश्वाचा चिकित्सक अभ्यास' वगैरे.

मला ज्यात रस आहे ते सांगते. मोबाईलवर बातमीची एका ओळीची नोटिफिकेशन येते ना, ती कोण लिहितं, तासाभरात ती तीन वेळा का बदलते, आणि बातमी उघडलीच नाही तर वाचणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय राहतं? आमच्याकडे हे रोज घडतं आणि कोणीही त्यावर थांबून विचार करत नाही.

आधी मास्टर्स करावं की थेट पीएचडी? रँकिंग बघायचं की नाही? जीआरई (अमेरिकी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा) द्यायची का? आणि एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं 'मला हे का शिकायचंय' सांगणारं निवेदन, कसं लिहितात हे कोणी नीट सांगेल का? नेटवर सापडलेले नमुने वाचून मला स्वतःचाच कंटाळा आला.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. माझाही हाच गोंधळ आहे, फक्त विषय जाहिरातींचा.

तिसरा_मजला

मी सध्या अमेरिकेत याच विषयात पीएचडी करतोय, त्यामुळे तिकडचं सांगतो. युरोपबद्दल दुसरं कोणी लिहील.

मास्टर्स ही पीएचडीची पायरी आहे असं धरून चालू नका. अमेरिकेत दोन्हींची गणितं वेगळी आहेत. पीएचडीला प्रवेश मिळाला तर बहुतेक चांगले विभाग फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनात मदत करण्याच्या बदल्यात स्टायपेंड देतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲननबर्ग स्कूलसारख्या ठिकाणी तर घेतलेल्या प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला पूर्ण फंडिंग असतं. याउलट मास्टर्स म्हणजे बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून. मोठ्या शहरातल्या नामांकित विद्यापीठांचं मास्टर्स तर विशेषच.

मधली एक वाट आहे, ती फार कोणाला माहीत नसते. मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठांतले कम्युनिकेशन विभाग मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनाही टीचिंग असिस्टंटशिप देतात, कारण त्यांना पहिल्या वर्षाच्या 'पब्लिक स्पीकिंग'च्या ढीगभर तुकड्या शिकवायला माणसं लागतात. नाव मोठं नसतं, पण फी माफ, थोडा पगार, आणि दोन वर्षांत एक प्रबंध हातात. तिथून पुढे चांगल्या पीएचडीला गेलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत.

तुमची एक पदव्युत्तर पदवी आहेच. त्यामुळे दोन्हीकडे अर्ज टाकता येतील. पण त्याआधी तुम्हाला पाच वर्षं संशोधन करायचंय का, हे स्वतःला विचारा. नुसतं डेस्कवरून सुटायचं असेल तर पीएचडी हा त्यावरचा उपाय नव्हे. :)

ओलंकोरडं

धागा चांगला आहे. मी बरीच वर्षं हा विषय शिकवते आणि प्रवेशाचे अर्ज वाचायचं कामही माझ्याकडे येतं, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटची_ओळ, विभागाच्या पाटीवर काय लिहिलंय ते सोडा. विभाग कुठल्या घराण्यातला आहे ते बघा. गाण्यात राग तोच असतो, पण घराणं बदललं की मांडणी बदलते, तसंच इथे आहे. ते न कळता अर्ज केला तर उत्तम गुण असूनही नकार येतो आणि का आला ते कधीच कळत नाही.

ढोबळमानाने सांगते. एक घराणं सामाजिक शास्त्रांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत प्रचार, रेडिओ आणि निवडणुका यांच्या अभ्यासातून ते उभं राहिलं. कोलंबियात पॉल लाझार्सफेल्ड यांची सर्वेक्षणं आणि विल्बर श्रॅम यांनी आयोवा, इलिनॉय, स्टॅनफर्ड इथे उभे केलेले कार्यक्रम ही त्याची मुळं. सर्वेक्षण, प्रयोग, आशय विश्लेषण, आकडेवारी. मॅकोम्ब्ज आणि शॉ यांनी 1968 च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिलमधल्या शंभर मतदारांना प्रश्न विचारून 'अजेंडा सेटिंग' (माध्यमं जे मुद्दे ठळक करतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात) मांडलं, ते 1972 मध्ये प्रसिद्ध झालं. ते याच परंपरेतलं.

दुसरं घराणं संस्कृती अभ्यासाचं. बर्मिंगहॅमला 1964 मध्ये रिचर्ड हॉगार्ट यांनी केंद्र सुरू केलं, पुढे स्टुअर्ट हॉल यांनी त्याला खरा आकार दिला. विद्यापीठाने ते 2002 मध्ये बंद केलं, पण तिथली माणसं आणि विचार तोवर जगभर पोचले होते. इथे प्रश्न असतो अर्थाचा आणि सत्तेचा: प्रेक्षक अर्थ कसा लावतो, कोणाचं जग 'नैसर्गिक' म्हणून दाखवलं जातं. त्याच्या शेजारी राजकीय अर्थशास्त्रवाले बसतात, ते विचारतात मालकी कोणाची, पैसा कुठून येतो. दोघांची आपसांत भांडणंही खूप झाली आहेत, पण ते असो.

तिसरं, अमेरिकेतलं वक्तृत्व आणि भाषणकलेचं. तिथली नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन 1914 मध्ये भाषणकला शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीच स्थापन केली. तिसरा_मजला म्हणतात त्या पब्लिक स्पीकिंगच्या तुकड्या तिथूनच आल्या. आणि चौथं, व्यावसायिक शाळा: मिझुरी 1908, कोलंबिया 1912. तिथे बातमीदारी शिकवतात. बातमीदारीवर संशोधन हा निराळा भाग.

आता तुमचाच प्रश्न घ्या. पहिल्या घराण्यात तुम्ही प्रयोग कराल: एकाच बातमीच्या दोन नोटिफिकेशन, दोन गट, नंतर प्रश्नावली, लोकांना काय आठवतं ते मोजायचं. दुसऱ्यात तुम्ही विचाराल की ती एक ओळ वाचकाकडे काय म्हणून बघते, घाबरवायचं गिऱ्हाईक की नागरिक? आणि न्यूजरूमच्या समाजशास्त्रात तुम्ही सरळ एखाद्या डेस्कवर काही महिने बसून बघाल की निर्णय कोण घेतं. त्याची परंपराही जुनी आहे. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांचा 1950 चा 'मिस्टर गेट्स'चा अभ्यास शोधून वाचा. एका छोट्या वर्तमानपत्राचा एकच संपादक, वृत्तसंस्थांकडून तारेवरून आलेल्या मजकुरातला बहुतेक भाग तो टाकून देतो आणि का टाकला ते कागदावर लिहून ठेवतो. तुमची नोटिफिकेशन लिहिणारी व्यक्ती म्हणजे त्याचीच आजची वारसदार. फरक एवढाच की तिच्या समोर आकड्यांचा डॅशबोर्ड उघडा आहे.

या तिन्हींपैकी कुठल्या पद्धतीने उत्तर शोधायला तुम्हाला आवडेल? आधी हे ठरवा. विद्यापीठांची यादी त्यानंतर करा.

शेवटची_ओळ

ताई, _/\_. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तिसरं, डेस्कवर बसून बघायचं, हे वाचताना पटकन आतून 'हो' आलं. पण कुठला विभाग कुठल्या घराण्यातला हे साइटवरून ओळखायचं कसं? तिथे सगळेच स्वतःला 'आंतरविद्याशाखीय' म्हणवतात.

तिसरा_मजला

ते म्हणवणारच. तुम्ही तीन गोष्टी उघडा.

पहिली, सक्तीचे पेपर. पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचे दोन पेपर सक्तीचे असतील तर विभागाचा कल उघड आहे, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो. दुसरी, गेल्या चार-पाच वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर ती सहसा मोफत दिसतात. प्राध्यापकांच्या पानांपेक्षा ही यादी जास्त खरी, कारण विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात काय करू दिलं जातं ते त्यातच दिसतं. तिसरी, इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनच्या वार्षिक परिषदेचा कार्यक्रम. त्यात पत्रकारितेवरच्या सत्रांत कोण काय मांडतंय, कुठल्या विद्यापीठाचे विद्यार्थी सारखे दिसतात ते बघा. अर्ध्या दिवसात तुमची यादी तयार होईल.

तुमच्या विषयातली काही नावं: स्टॅनफर्डच्या आन्जेल क्रिस्तां यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसमधल्या वेब न्यूजरूममध्ये बसून क्लिकच्या आकड्यांचा पत्रकारांवर होणारा परिणाम बघितलाय. रटगर्सच्या केटलिन पीटर यांचं काम त्याच अंगाचं. नॉर्थवेस्टर्नचे पाब्लो बोच्कोव्स्की ऑनलाइन बातम्यांवर कितीतरी वर्षं लिहितायत. यांचे लेख वाचा, आणि त्यांनी खाली कोणाचे संदर्भ दिलेत तेही बघा. तिथून तुम्हाला आणखी दहा माणसं मिळतील, तीही कमी गर्दीच्या विभागांतली.

आणि माणूस अजून तिथेच आहे का, याची खात्री करा. लोक हलतात. रासमुस क्लाइस निल्सन कितीतरी वर्षं ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूट या पत्रकारितेवरच्या संशोधन संस्थेचा चेहरा होते, 2024 मध्ये ते कोपनहेगनला गेले. नावापुढे 'इमेरिटस' असेल तर ते निवृत्त आहेत, नवे विद्यार्थी बहुधा घेणार नाहीत. 'अफिलिएटेड फॅकल्टी' या यादीतली माणसं दुसऱ्या विभागातली असतात, त्यातली बरीचशी तुमची मुख्य मार्गदर्शक होऊ शकत नाहीत. एकाच माणसाच्या भरवशावर अर्ज करू नका. विभागात निदान दोघं तरी तुमच्या विषयाच्या आसपासचे हवेत.

रँकिंगचं म्हणाल, तर या विषयात ती घराणीबिराणी न बघता सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतात. मी फार वेळ घालवला नसता.

खडूस_काका

सगळे मोठ्या उत्साहाने चढवतायत म्हणून मी जरा पाणी ओततो.

मुली, नोकरी आहे ना हातात? मग कर्ज काढून मीडियातलं मास्टर्स करू नकोस. इंजिनियरिंगवाल्यांचं कर्ज फिटतं कारण पुढचा पगार तसा असतो. इथे पदवी घेऊन पुन्हा डेस्कवरच बसायचंय. अमेरिकेत शिकल्यावर काम करायला ओपीटी या परवानगीचे बारा महिने मिळतात, आणि पुढचे चोवीस फक्त 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या कोर्सना. कम्युनिकेशनचे बहुतेक कोर्स त्या यादीत नाहीत. डिजिटल माध्यमांचे काही आहेत. त्यामुळे अर्जाआधी विभागाला सरळ मेल करून कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे कोर्स कुठल्या यादीत बसतो ते सांगणारा सरकारी क्रमांक, विचारायचा. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंवर जायचं नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून शिकवणीच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला नवरा-बायको-मुलं बरोबर नेता येत नाहीत, तेही ध्यानात ठेव.

आणि ते कन्सल्टंट! माझ्या भाच्याचं एसओपी एकाने लिहून दिलं होतं. त्यात भाच्याचं नाव सोडलं तर भाचा कुठेच नव्हता.

दीर्घ_ऊ

काका, कर्ज काढून नको हे शंभर टक्के मान्य. पण मास्टर्स म्हणजे कर्जच असं नाही.

मी इरास्मस मुंडस (युरोपीय संघाच्या मदतीने अनेक विद्यापीठं मिळून चालवतात ते मास्टर्स) केलं, 'जर्नलिझम, मीडिया अँड ग्लोबलायझेशन'. पहिलं वर्ष डेन्मार्कमध्ये आऱ्हूसला, दुसरं वर्ष स्पेशलायझेशनप्रमाणे दुसऱ्या विद्यापीठात. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिन्याला 1400 युरो, दोन वर्षं. त्यांना कामाचा अनुभव असलेले पत्रकार आवडतात, त्यामुळे शेवटची_ओळ, तुमचा डेस्क इथे अडचण न ठरता उपयोगाचा ठरेल. शिष्यवृत्ती न मिळता नुसता प्रवेशही मिळतो, तेव्हा मात्र काकांचा प्रतिसाद पुन्हा वाचावा.

ब्रिटनसाठी चीव्हनिंग, तिथल्या सरकारची शिष्यवृत्ती. 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, तीन वेगवेगळ्या कोर्सची नावं द्यावी लागतात, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तिथलं मास्टर्स एका वर्षात आटोपतं. पण एका वर्षात सप्टेंबरला पोचून डिसेंबरपर्यंत जेमतेम रुळता आणि उन्हाळ्यात प्रबंध द्यायचा असतो. पुढे पीएचडी करायची असेल तर शिफारसपत्र देण्याइतकं तुम्हाला तिथे कोणी ओळखेपर्यंत कोर्स संपतो, हे लोक सांगत नाहीत. एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) आणि यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) यांचा जोडकोर्स आहे, एक वर्ष लंडन, एक वर्ष लॉस एंजेलिस. छानच आहे, पण दोन्ही शहरांचा खर्च बघून काकांना चक्कर येईल.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग 2017 पासून युरोपबाहेरच्यांकडून सत्राला 1500 युरो घेतं. इंग्रजीतून चालणारे मीडियाचे कोर्स मात्र मोजके, त्यामुळे आधी भाषेची अट वाचा.

आणि पीएचडी! स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स इथे ती बहुधा नोकरीच असते. जाहिरात निघते, अर्ज करायचा, मुलाखत होते, पगार आणि पेन्शन सुरू. प्रकल्प कधी ठरलेला असतो, कधी तुम्ही प्रस्ताव द्यायचा. पण मास्टर्सची पदवी बहुधा लागतेच, आणि तीही प्रबंधासह. तुमच्या पदव्युत्तर शिक्षणात प्रबंध होता का?

शेवटची_ओळ

होता, पण अगदी नावाला. चाळीस पानं, त्यातली बरीच 'माध्यमांचा इतिहास' म्हणून भरलेली.

खडूस_काका

@दीर्घ_ऊ, फुकट असेल तर माझी काही हरकत नाही. चक्कर आलीच.

मधली_सुट्टी

मध्येच विचारतो, माफ करा. मला माहितीपट करायचेत, संशोधन नको. एमए घ्यावं की एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स)? मी अजून पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

ओलंकोरडं

मधली_सुट्टी, एमएफए. अमेरिकेत ती कलेच्या क्षेत्रातली शेवटची पदवी मानतात, पुढे विद्यापीठात निर्मिती शिकवायचीही वाट राहते. तिथे एसओपीपेक्षा तुमचं काम बोलतं. पोर्टफोलिओत सहा फिल्मा घालण्यापेक्षा दोन घाला, आणि जी दाखवाल तिची पहिली दोन मिनिटं भक्कम ठेवा. बघणारे पुढे नेऊन बघतात. तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर प्रत्येक विभागाला ती चालते का ते आधीच विचारून घ्या. काही विद्यापीठं चार वर्षांचीच मागतात, काहींना चालते, नियम विद्यापीठागणिक बदलतात.

शेवटची_ओळ

एसओपीचा पहिला परिच्छेद लिहिलाय. इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकते. निर्दयपणे सांगा.

"लहानपणापासूनच मला माध्यमांचं आकर्षण होतं. आजच्या डिजिटल युगात माध्यमं समाजाच्या जडणघडणीत महत्त्वाची भूमिका बजावतात. एक पत्रकार म्हणून मी ही शक्ती जवळून अनुभवली आहे. आपल्या विद्यापीठाचा जागतिक दर्जाचा अध्यापकवर्ग आणि समृद्ध परंपरा मला माझी स्वप्नं साकार करण्यास मदत करतील असा मला विश्वास वाटतो."

तिसरा_मजला

हे कुठल्याही विद्यापीठाला पाठवता येईल आणि कोणीही पाठवू शकेल. म्हणजे संपलंच.

ओलंकोरडं

निर्दयपणे सांगायला सांगितलंत म्हणून सांगते. अर्जांच्या ढिगात असा परिच्छेद निम्म्यांहून जास्त वेळा भेटतो. वाचणारा तो न वाचताच खाली सरकतो. 'डिजिटल युग' दिसलं की माझी नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते. हल्ली तर यंत्राकडून लिहून घेतलेले अर्जही नेमके असेच गुळगुळीत येतात, त्यामुळे तुम्ही हाताने लिहिलेलं असलं तरी तो संशय विनाकारण तुमच्यावर येतो.

तुमची पहिली पोस्ट या परिच्छेदापेक्षा कितीतरी चांगली आहे. तिथे तुम्ही खरा प्रश्न विचारला होता. तो उचला. समितीला चार गोष्टी कळायला हव्यात: काय विचारायचंय, ते विचारायला तुम्हीच का, ते कसं शोधणार, आणि ते इथेच का. बालपण लागत नाही. डेस्कचा अनुभवही गौरव म्हणून सांगू नका, पुरावा म्हणून सांगा. बाहेरच्या संशोधकाला महिनोन् महिने परवानगी मागून जे दिसत नाही, ते तुम्ही रोज बघता.

'इथेच का' या भागात प्राध्यापकांची नावं नुसती माळेसारखी ओवू नका. अमुक यांनी डॅशबोर्ड आणि पत्रकार यांचं नातं दाखवलं, पण त्यात इंग्रजी आणि फ्रेंच न्यूजरूम होत्या. जिथे एकाच डेस्कवरून दोन-तीन भाषांत बातम्या निघतात तिथे काय होतं, हे मला बघायचंय. असं एक वाक्य दहा नावांना भारी पडतं, कारण ते तुम्ही वाचलंय हे त्यात दिसतं.

शेवटची_ओळ

पुन्हा प्रयत्न केला.

"बातमी लिहिणारा उपसंपादक आणि तिची नोटिफिकेशन लिहिणारा उपसंपादक आमच्या न्यूजरूममध्ये सहसा वेगळे असतात. पहिल्याच्या समोर बातमीदाराची कॉपी असते, दुसऱ्याच्या समोर किती लोकांनी दाबलं त्याचा आलेख. आलेख पडला की ओळ बदलते, बातमी बदलत नाही. या बदलांची नोंद कुठेच राहत नाही, त्यामुळे चूक झाली तरी दुरुस्ती प्रसिद्ध होत नाही. बातमीच्या या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या आवृत्तीची जबाबदारी संस्थेत नेमकी कोणावर पडते, हे मला न्यूजरूममधल्या निरीक्षणातून आणि मुलाखतींतून शोधायचं आहे."

तिसरा_मजला

बाप रे. हे मला वाचायचंय.

दीर्घ_ऊ

+१. 'बातमीची सर्वाधिक वाचली जाणारी आवृत्ती' हे फारच नेमकं पकडलंय.

ओलंकोरडं

आता हा अर्ज कोणी अर्ध्यावर सोडणार नाही. एकच सूचना. 'सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या' हे तुमच्याकडे आकडा असेल तरच ठेवा, नाहीतर 'बहुतेकदा एवढीच वाचली जाणारी' म्हणा. संख्याशास्त्रवाला कोणी समितीत असेल तर तो तिथेच पेन्सिल टेकवेल.

आता पुढचं काम रायटिंग सॅम्पलचं. पीएचडीला साधारण पंधरा ते पंचवीस पानांचा शैक्षणिक लेख मागतात. छापून आलेल्या बातम्या चालत नाहीत, दोघांनी मिळून लिहिलेलंही शक्यतो नको. त्या चाळीस पानांतला इतिहास काढून टाका. उरलेल्यातून एक दावा शोधा आणि तो नव्याने लिहा. एसओपीतल्या विषयावरच असला पाहिजे असं नाही, पण तुम्ही दुसऱ्याच्या म्हणण्याशी वाद कसा घालता ते त्यात दिसलं पाहिजे. मी तरी हाच कागद सगळ्यात काळजीपूर्वक वाचते.

अर्धविराम

शिफारसपत्रांचं काय? तीन मागतात. माझे सर मेलला उत्तरच देत नाहीत. ऑफिसमधल्या साहेबांचं चालेल का?

ओलंकोरडं

तीनपैकी एक साहेबांचं चालतं, मास्टर्सला दोनही खपतात. पीएचडीला निदान दोन शिक्षकांची हवीत, कारण तुम्ही वाचता-लिहिता कसे हे साहेबांना माहीत नसतं. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं चार ओळींचं पत्र घेण्यापेक्षा ज्याने तुमचा निबंध तपासलाय अशा तरुण प्राध्यापकाचं दीड पानी पत्र घ्या.

सरांना नुसतं 'सर, पत्र हवंय' असं लिहू नका. निदान दीड महिना आधी मेल करा. त्यात एसओपीचा कच्चा खर्डा, सीव्ही, तारखांचा एक तक्ता, आणि 'तुमच्या वर्गात मी अमुक विषयावर लिहिलं होतं' अशी आठवण द्या. माणसं आळशी नसतात, विसरलेली असतात. काही ठिकाणी सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' ते टाळा. तीनही पत्रांत एकच वाक्यरचना दिसली की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. सर हटूनच बसले तर मुद्द्यांची यादी द्या, पत्र नाही.

अमेरिकी अर्जात एक चौकट येते, पत्र बघण्याचा हक्क सोडता का म्हणून. सोडा. नाही सोडला तर पत्रावरचा विश्वास कमी होतो.

मधली_सुट्टी

आणि जीआरई?

तिसरा_मजला

बऱ्याच विभागांनी काढून टाकली, काहींनी ऐच्छिक ठेवली. आधी यादी करा, मग लागत असेल तरच द्या. 2023 पासून परीक्षाही लहान झालीये, दोन तासांच्या आत संपते. गुण पाच वर्षं चालतात, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे मात्र दोनच. पदवी इंग्रजी माध्यमातून असेल तर कित्येक ठिकाणी टोफेल-आयएलटीएस माफही होते, विचारायला लाजू नका. अर्जाच्या फीचंही तेच. फी माफीचा पर्याय असतो, तो बहुधा मागणाऱ्यांनाच मिळतो.

शेवटची_ओळ

प्राध्यापकांना आधी मेल करायचा की नाही? कोणी म्हणतं करा, कोणी म्हणतं त्यांना राग येतो.

दीर्घ_ऊ

ब्रिटन-युरोपात पीएचडीसाठी केलाच पाहिजे. तिथे मार्गदर्शक तयार नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. एक-दीड हजार शब्दांचा प्रस्तावही लागतो. पण मेल सहा-सात ओळींचा करा, प्रस्ताव जोडा, आणि 'आदरणीय महोदय, आपलं थोर कार्य' वगैरे नको. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

तिसरा_मजला

अमेरिकेत समिती ठरवते, त्यामुळे मेल ऐच्छिक. केलात तर एकच प्रश्न विचारा: यंदा विद्यार्थी घेताय का? 'हो' आलं तर उत्तम, 'नाही' आलं तर अर्जाची फी वाचली. विभागातल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना मात्र जरूर लिहा. उन्हाळ्यात स्टायपेंड मिळतो का, चौथ्या वर्षानंतर फंडिंगचं काय होतं, मार्गदर्शक मसुदे किती दिवसांत परत देतो, हे फक्त तेच सांगतील. फोनवर तर आणखी मोकळेपणाने सांगतात.

पीएचडीच्या तारखा बहुतेक 1 ते 15 डिसेंबरच्या दरम्यान असतात, काहींच्या जानेवारीत. मुलाखती झाल्याच तर साधारण फेब्रुवारीत, झूमवर. मी असतो तर यादी उन्हाळ्यात केली असती आणि ऑगस्टमध्ये सॅम्पलला हात घातला असता, एसओपी नंतर. लोक उलट करतात आणि नोव्हेंबरमध्ये सॅम्पल रडतरखडत संपवतात.

खडूस_काका

पोरी, तो दुसरा परिच्छेद वाचला. अर्ज कर. पण फंडिंग असेल तिथेच जा.

अर्धविराम

आणि समजा वेटलिस्टला टाकलं तर? नुसतं बसून राहायचं?

ओलंकोरडं

अमेरिकेत 15 एप्रिलची तारीख महत्त्वाची. बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला ठराव आहे की आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला त्या तारखेपर्यंत उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी निवड झालेली मुलं शेवटच्या आठवड्यात निर्णय कळवतात आणि वेटलिस्ट तेव्हाच हलते. तुमच्या हातात दोन प्रवेश असतील आणि एक नको हे ठरलं असेल, तर तो लगेच नाकारा. खाली कोणीतरी वाट बघत असतं.

वेटलिस्टवर असाल तर मार्चच्या शेवटी एकच मेल करा. तुमची जागा मिळाली तर मी नक्की येईन असं लिहा, पण ते खरं असेल तरच. मधल्या काळात काही छापून आलं असेल, परिषदेत निबंध मंजूर झाला असेल, तर त्याची एक ओळ घाला. मेल ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला जाऊ द्या, प्राध्यापकांना फक्त प्रत पाठवा. कोण नकार देतंय आणि कोणाला बोलवायचंय याचा तक्ता कोऑर्डिनेटरकडेच असतो.